धूर, पतंग आणि भिवंडीचा माग

(भिवंडी येथे कार्यकर्ते आणि यंत्रमाग व्यावसायिक यांच्या एकत्रित बैठकीत झालेल्या बौद्धिकाचे संपादित शब्दांकन.)



‘उत्क्रांतिवाद आणि सामाजिक-आर्थिक परिवर्तन’ हे आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींना वाटले असेल की, हा विषय महाविद्यालयाच्या वर्गातला आहे, भिवंडीच्या सभागृहात त्याचे काय काम? परंतु हा विषय या गावाच्या गल्लीबोळांतून रोज उच्चारला जातो. एखादा यंत्रमागधारक थकतो, कर्ज डोक्यावर येते, आणि एके दिवशी त्याचे माग भंगाराच्या भावाने टेम्पोत चढतात. ज्या मागावर वडिलांनी संसार उभा केला, तो लोखंडाच्या वजनावर विकला जातो. बघणाऱ्यांपैकी कोणीतरी सहज म्हणतो, “काय करणार? जो बदलेल तो टिकेल. निसर्गाचा नियमच आहे हा.”

हे वाक्य सांत्वनासारखे ऐकू येते. प्रत्यक्षात तो एक निवाडा आहे. जो गेला तो अयोग्य होता, जो राहिला तो योग्य होता आणि यात कोणाचाही दोष नाही, असा त्याचा अर्थ. हा निवाडा खरोखर निसर्गाचा आहे की आपण निसर्गाच्या नावावर खपवतो आहोत, याचा शोध घेण्याचा प्रयत्न आज करू या.

डार्विनने नेमके काय सांगितले?

१८५८ मध्ये चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले आणि पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, डार्विनचा प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. त्या सिद्धांताचे तीन घटक आहेत. एक, कोणत्याही जातीच्या जीवांत परस्परांपासून थोडा फरक असतो. दोन, हा फरक पुढच्या पिढीकडे जातो. तीन, भोवतालच्या परिस्थितीला अनुकूल असा फरक ज्यांच्यात असतो, त्यांची प्रजा अधिक वाढते. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. यात बलवान जिंकतो आणि दुबळा मरतो असे कोठेही नाही. ‘योग्यतमाचा टिकाव’ हा शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये रूढ केला आणि डार्विनने तो १८६९ च्या आवृत्तीत स्वीकारला. तेथेही ‘योग्य’ म्हणजे ‘त्या परिस्थितीला जुळणारा’ एवढेच अभिप्रेत आहे. श्रेष्ठ, गुणी किंवा नीतिमान असा त्याचा अर्थ नाही.

याचे अत्यंत बोलके उदाहरण कापडाच्याच गावातले आहे. इंग्लंडमध्ये मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपके असलेला एक फिकट पतंग आढळतो. दगडफुलाने माखलेल्या झाडांच्या खोडांवर तो बसला की पक्ष्यांना दिसत नसे. मँचेस्टरच्या कापडगिरण्यांची धुराडी धूर ओकू लागली, खोडे काजळीने काळी झाली आणि फिकट पतंग उठून दिसू लागला. १८४८ मध्ये मँचेस्टरला त्याच जातीचा काळा पतंग प्रथम नोंदवला गेला. १८९५ पर्यंत त्या परिसरात जवळजवळ सगळे पतंग काळे झाले होते. पुढे १९५६ मध्ये ब्रिटनने हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा केला. धूर कमी झाला, खोडे उजळली आणि काळ्या पतंगांचे प्रमाण घटून फिकट पतंग पुन्हा वाढले.

बंधूंनो, योग्य कोण? काळा की फिकट? त्याचे उत्तर पतंगाच्या अंगी नव्हते, ते धुरात होते. आणि तो धूर निसर्गाने सोडलेला नव्हता, माणसाने सोडला होता. माणसानेच कायदा करून तो कमी केला. भिवंडीला अनेकदा ‘मँचेस्टर’ म्हटले जाते. तेव्हा या उपमेबरोबर तिथल्या पतंगाचा धडाही आपण घेतला पाहिजे.

परक्या सिद्धांताचा आपल्यावर पडलेला भार

डार्विनला स्पर्धेची कल्पना माल्थसच्या लोकसंख्याविषयक निबंधावरून सुचली, हे त्याने स्वतःच नमूद केले आहे. हा माल्थस ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी येथील महाविद्यालयात प्राध्यापक होता. हिंदुस्थानवर राज्य करायला येणारे तरुण अधिकारी तेथे शिकत. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात मद्रास आणि मुंबई इलाख्यांत लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडत असताना धान्यव्यापारात सरकारने हात घालू नये, हे धोरण ‘नैसर्गिक नियमां’च्याच भाषेत समर्थिले गेले.

त्या वेळी आपली माणसे काय करीत होती? पुण्याची सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झालेली होती. न्यायमूर्ती रानडे आणि गणेश वासुदेव जोशी यांच्या प्रेरणेने सभेने दुष्काळी भागांतून माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. हेच सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारात हाताने कातलेल्या, विणलेल्या शुभ्र खादीच्या वेषात गेले होते. राजेमहाराजे रेशीम आणि जरीत झळकत असताना एक मराठी माणूस विणकराचे कापड अंगावर घालून उभा राहिला. मरणे हा नियम आहे असे मानण्यास त्याने दिलेला तो नकार होता.

विचारांच्या क्षेत्रातही आपल्याकडे मंथन झाले. आगरकरांवर स्पेन्सरचा मोठा प्रभाव होता. लोकमान्यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त सांख्यांचा गुणपरिणाम आणि पाश्चात्त्यांचा विकासवाद यांची तुलना केली. ‘उत्क्रांति’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ शरीरातून प्राण निघून जाणे असा आहे. म्हणून त्यांना ‘गुणोत्कर्ष’ यांसारखे शब्द अधिक समर्पक वाटले. ज्याला आपण उत्क्रांती म्हणतो, ती कोणाची तरी उत्क्रांती तर नाही ना, म्हणजे कोणाचा प्राण तर जात नाही ना, असा प्रश्न आजच्या अर्थव्यवस्थेकडे पाहताना आपण विचारला पाहिजे.

येथे एक सावधगिरीही सांगतो. दशावतार म्हणजेच उत्क्रांतिवाद, मत्स्यापासून मानवापर्यंतचा तो क्रमच आहे, असे आपल्यापैकी अनेक जण उत्साहाने सांगतात. रूपक म्हणून ते रम्य आहे. पण शास्त्रीय सिद्धांत पुराव्यावर उभा असतो आणि श्रद्धेला त्या पुराव्याची गरज नसते. आपल्या परंपरेचा गौरव वाढवण्यासाठी तिच्यावर न केलेले दावे लादण्याचे कारण नाही.

संघर्ष की सहकार?

डार्विननंतर थोड्याच काळात युरोपातच या मांडणीला छेद मिळाला. रशियाचा क्रपॉट्किन सैबेरियातील प्राण्यांचे जीवन पाहत फिरला होता. त्याने १९०२ मध्ये ग्रंथरूपाने दाखवून दिले की, कठीण परिस्थितीत एकमेकांना साहाय्य करणाऱ्या जाती अधिक टिकतात. भारतात पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले. संघर्ष हाच प्रगतीचा पाया मानणाऱ्या विचाराची त्यांनी तेथे चिकित्सा केली. वनस्पती आणि प्राणी परस्परांच्या श्वासावर जगतात, सृष्टीत परस्परपूरकता आहे आणि तीच संस्कृतीचा आधार आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आपणही एकांगी होता कामा नये. स्पर्धा आहे, ती राहणार. इचलकरंजीचा मागवाला आणि भिवंडीचा मागवाला एकाच बाजारात कापड विकतो. त्यांना स्पर्धा टाळता येणार नाही. स्पर्धेचे नियम कोण ठरवतो आणि स्पर्धेत पडलेल्याला कोण उचलतो, हे दोन प्रश्न मात्र निसर्गाचे नसून समाजाचे आहेत.

अर्थशास्त्रातही या दिशेने बराच विचार झाला आहे. थॉर्स्टिन व्हेब्लेनने १८९८ मध्येच अर्थशास्त्र उत्क्रांतिशील शास्त्र का होत नाही, असा प्रश्न विचारला. शुम्पीटरने १९४२ मध्ये नवे येताना जुने कसे मोडते, ते वर्णिले. १९८२ मध्ये रिचर्ड नेल्सन आणि सिडनी विंटर यांनी आर्थिक परिवर्तनाचा उत्क्रांतिवादी सिद्धांत सविस्तर मांडला. त्यांचे म्हणणे असे की, प्रत्येक धंद्याला काही अंगवळणी पडलेल्या रीती असतात. माल कसा घ्यायचा, उधारी किती द्यायची, कारागीर कसा शिकवायचा, या रीती जीवांतील आनुवंशिक गुणांप्रमाणे पुढे चालतात. धंदेवाईक माणूस सर्वज्ञ नसतो. तो जे ठाऊक आहे त्याच्या आसपासच नवे शोधतो. ज्यांच्या रीती परिस्थितीशी जुळतात ते धंदे वाढतात.

भिवंडीचा ताणा-बाणा

आता हा चष्मा लावून आपल्या गावाकडे पाहू. कामवारी नदीच्या काठचे, खाडीजवळचे हे जुने व्यापारी गाव. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर उत्तरेकडून विणकर कुटुंबे येथे आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. पद्मानगर त्यांच्याच नावाने उभे आहे. या माणसांनी गाठोड्यात धन आणले नाही, बोटांत कसब आणले. हातमाग गेला, वीज आली, यंत्रमाग आला, पण ताणा जुळवणारी बोटे तीच राहिली. हा वारसा होता.

आणि परिस्थिती कोणी घडवली? १९५६ च्या सुमारास हातमागाच्या रक्षणासाठी सरकारने गिरण्यांची मागांची क्षमता गोठवली. हेतू चांगला होता. परंतु गिरणी वाढू शकेना आणि हातमाग मागणी पुरवू शकेना, या फटीत यंत्रमाग वाढला. छोट्या घटकांना, चार मागांपर्यंत, उत्पादन शुल्कात सवलत होती. म्हणून एकाच घरातील माग भाऊ, पत्नी, मेहुणा अशा नावांवर चार-चारांत विभागले गेले. मूळच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगारांची मर्यादा होती; म्हणून भिंती घालून शेड तोडल्या गेल्या. कागदावर लहान असणे, हीच ‘योग्यता’ ठरली.

मग १८ जानेवारी १९८२ चा दिवस उजाडला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संप लांबला, पण कापडाची गरज थांबली नाही. गिरण्यांचे काम भिवंडीच्या मागांवर आले. गिरण्यांनी टाकून दिलेले जुने मागही येथे येऊन पुन्हा खडखडू लागले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांना एकाच पातळीवर आणण्याची भूमिका घेतली. गिरणगावची चिमणी विझली आणि भिवंडी फुलली.

येथे आपण स्वतःला एक कठोर प्रश्न विचारला पाहिजे. गिरणीपेक्षा भिवंडीचा माग उत्तम होता म्हणून तो टिकला काय? यंत्र तर गिरणीने टाकलेलेच होते. गिरणीत आठ तासांची पाळी होती, येथे बारा तासांची. तेथे भविष्यनिर्वाह निधी होता, येथे आठवड्याचा हिशेब. तेथे रुग्णालयाची सोय होती, येथे भिसीतले दोन वेळचे जेवण आणि मागाशेजारीच झोप. मुंबईचा कामगार हरला आणि भिवंडीचा कामगार जिंकला असे झाले नाही. धूर दाट झाला आणि काळा पतंग वाढला, इतकेच. या मागांनी लक्षावधींना रोजगार दिला, त्याबद्दल मागधारकाचे ऋण मानलेच पाहिजे. पण ज्या सवलतीवर आणि ज्या घामावर तो टिकला, त्या घामाचा हिशेब निसर्गाच्या खात्यावर टाकता येणार नाही.

आज काय होते आहे?

आता परिस्थिती पुन्हा पालटली आहे. १९९९ मध्ये तंत्रज्ञान उन्नयनाची केंद्रीय योजना आली. ज्यांच्याजवळ तारण ठेवायला भांडवल होते, ते धोट्याविना चालणाऱ्या वेगवान मागांकडे गेले. चार-सहा साध्या मागांचा धनी तेथपर्यंत पोहोचलाच नाही. १ जानेवारी २००५ रोजी जागतिक वस्त्रव्यापारातील कोटापद्धती संपली. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली, जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. रोखीच्या आणि तोंडी हिशेबाच्या रीतीवर चाललेल्या या धंद्याला नवी रीत एकाएकी अंगीकारावी लागली. देशाच्या दृष्टीने एक करव्यवस्था आवश्यक होती, हे मान्य करूनही लहान माणसाला लागलेली कळ नाकारण्यात अर्थ नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि मे महिन्यात भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे विशेष गाडी सुटली. ज्यांच्या हातांवर हे गाव चालले, ते हात गाडीच्या खिडकीतून निरोप देत होते.

त्याच वेळी गावाभोवती दुसरे विश्व उभे राहिले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. २०१७ पर्यंत मुंबईत जकात होती, त्यामुळे माल शहराच्या हद्दीबाहेर साठवणे सोयीचे पडे. काल्हेर, दापोडे, माणकोली, वळ, राहनाळ या परिसरातील भातखाचरांवर गोदामे उभी राहिली. पुढे ऑनलाईन खरेदीचा काळ आला आणि भिवंडी देशातील गोदामांचे प्रमुख केंद्र बनली. जीवशास्त्रात एका कामासाठी वाढलेला अवयव दुसऱ्याच कामी येतो; पिसे प्रथम ऊब देण्यासाठी होती आणि पुढे उडण्याच्या कामी आली, असे मानतात. तसे कापडाच्या गाठी वाहणारे मालमोटारींचे जाळे, मुकादम, हमाल, नाक्यांवरची माहिती हे सारे गोदामांच्या कामी आले.

पण अवयव कामी आला म्हणून पेशी वाचली असे होत नाही. पन्नाशीच्या विणकराला खोकी उचलायला सांगणे म्हणजे परिवर्तन नव्हे. गोदामासाठी जमीन विकलेल्या आगरी शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती रक्कम येते; पण रक्कम म्हणजे व्यवसाय नव्हे. आणि कापडाचे कसब एकदा मोडले की, लुप्त झालेल्या जातीप्रमाणे ते परत येत नाही.

आणखी एक धडा विविधतेचा. ज्या शेतात एकच वाण असते, तेथे एक रोग सगळे पीक नेतो. भिवंडीने वर्षानुवर्षे मुख्यतः कोरे कापड विणले. रंगाई-छपाईचे मोठे काम बाहेरगावी झाले, आणि कापडाला जे मोल चढते ते तेथेच चढले. बाजाराने एक धक्का दिला की सगळे माग एकदम थांबतात. विविधता हा निसर्गाचा विमा आहे आणि आपण तो उतरवलाच नाही.

समाज शिकू शकतो

पतंगात आणि माणसात एक मूलभूत भेद आहे. पतंगाला पिढ्यान् पिढ्या थांबावे लागते. माणूस एका आयुष्यात शिकतो आणि शिकलेले शेजाऱ्याला देतो. शिवाय तो आपली परिस्थितीच बदलू शकतो.

याचे उदाहरण याच गावाने दिले आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी भिवंडी होरपळली. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, कारागीर तिसरा, वाहन चौथ्याचे, अशी येथील रचना; एक धागा तुटला की सगळे कापड उसवते. आग लागली तेव्हा मागाने मालकाचा धर्म विचारला नाही, तो सर्वांसाठीच बंद पडला. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने येथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. वस्तीवस्तीत माणसे नियमित भेटू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. या गावाच्या रक्तातच दंगल आहे, असे म्हणणाऱ्यांना गावाने दिलेले ते उत्तर होते. एका पिढीच्या आत समाजाने आपली रीत बदलली.

शांततेसाठी जे जमले, ते उपजीविकेसाठी का जमू नये?

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी यंत्रयुगाचे स्वागत केले होते. आपण यंत्राला शत्रू मानत नाही. भारतीय मजदूर संघाची १९५५ मध्ये स्थापना करणाऱ्या दत्तोपंत ठेंगडी यांनी उद्योगात श्रमिकाची मालकी आणि श्रमिकाच्या मनात राष्ट्र, असा दुहेरी आग्रह धरला. त्या प्रकाशात काही कामे आपल्या शक्तीतील आहेत. पाच-दहा मागधारकांनी एकत्र येऊन नवे माग, सूतखरेदी आणि सायझिंग सामाईक करणे. हिशेब आणि कर यांची नवी रीत शिकवणारे साप्ताहिक वर्ग चालवणे. आपल्यात लेखापाल आणि शिक्षक पुष्कळ आहेत. जुन्या कारागिरांचे कसब तरुणांना देण्याची सोय करणे. भिसीत जेवणाऱ्या कामगाराची नोंदणी, विमा आणि त्याच्या मुलांची शाळा यांची चौकशी करणे, तो कोणत्याही प्रांताचा वा पंथाचा असो. आणि आपल्यापैकी जे मालक आहेत, त्यांनी पाळीचे तास आणि मागापाशी झोपणाऱ्याची जागा यांकडे आजच रात्री एकदा पाहणे. संपर्क याचाच अर्थ हा आहे.

शेवटी एकच दृष्टान्त. पातंजल योगसूत्रांत एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात होणाऱ्या परिणामाचा विचार आहे. त्याचे विवरण करताना शेतकऱ्याचे उदाहरण येते. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘राजयोग’ ग्रंथात स्वामी विवेकानंदांनी ते आधुनिक विकासवादाच्या समोर ठेवले. शेतकरी पाणी निर्माण करत नाही. पाणी पाटात असतेच. तो फक्त मधला बांध फोडतो आणि पाणी आपल्या स्वभावाने वाफ्यात शिरते. स्वामीजींचे म्हणणे असे की, माणसाच्या पातळीवर प्रगती स्पर्धेत इतरांना चिरडून होत नाही, अडथळे दूर केल्याने होते.

भिवंडीच्या बोटांत पाणी भरपूर आहे. बांध कोठे आहेत, हे आज आपण पाहिले. कर्जाचा बांध, अज्ञानाचा बांध, परस्परांवरील अविश्वासाचा बांध. यानंतर जेव्हा एखादा माग टेम्पोत चढताना दिसेल, तेव्हा ‘निसर्गाचा नियम आहे’ असे म्हणून पुढे जाऊ नका. त्या घराचा उंबरठा चढा आणि विचारा, “दादा, आता पुढे काय? आम्ही काय करू शकतो?” एवढे जरी झाले, तरी आजचे बौद्धिक सार्थकी लागले असे मी मानेन.

 वंदे मातरम्!